बाबांसाठी एक गरीब घोडा

सुट्टीचं बुकिंग घेणाऱ्या फोनवरच्या बाईला मी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की घोडा गरीब हवा. गरीब म्हणजे नुसता शांत नव्हे. शेजारून ट्रक गेला तरी कान न हलवणारा, पायाखालून ससा पळाला तर सशाकडे बघून जांभई देणारा, आणि जमलंच तर चालता चालता झोप काढणारा. "खरं सांगू का, घोडा नसलेलाच बरा," मी म्हणाले. "तुमची ती गवताची गाडी असते ना, दोन जाडजूड घोडे ओढतात ती? तिच्यात त्यांना पुढे बसवा. माझे वडील आता एकोणऐंशीचे होतील." बाई गोड हसली आणि म्हणाली, "तुम्ही काहीच काळजी करू नका." काळजी करू नका असं कुणी म्हटलं की मला काळजी लागते. आमच्या घरात हे वाक्य फक्त इस्पितळात ऐकलेलं आहे.

माझे वडील हार्लन पिकेट. मोंटानात आणि सीमेपलीकडे वायोमिंगमध्ये त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखली. स्वतःची जमीन कधी नव्हती, स्वतःची एक गायही नव्हती. होतं ते एक खोगीर, एक हॅट आणि एकामागून एक कुत्री, सगळ्यांचं नाव टिप. मालक बदलले, घोडे बदलले, खोगीर तेच राहिलं. मग आई गेली. पुढच्या हिवाळ्यात गोठलेल्या पायरीवरून पाय घसरून बाबांचा खुबा मोडला, आणि मालकाने अगदी सभ्यपणे त्यांचं राहतं घर नव्या माणसाला दिलं. मी बाबांना बिलिंग्ज शहरात माझ्याकडे घेऊन आले.

डॉक्टरने नवा खुबा बसवला आणि सांगितलं, की हाडं ठिसूळ झालीत, पुन्हा पडलात तर अंथरुणातून उठाल याची हमी मी देणार नाही. मी घोड्याचं विचारलं. "घोड्यावर बसायला माझी हरकत नाही," तो म्हणाला, "पडायला आहे."

"पडायचा बेत करून कुणी बसत नाही," बाबा म्हणाले. दोघंही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

आमच्या खिडकीतून टायरच्या दुकानाचं आवार दिसतं. बाबा दिवसभर खुर्चीत बसून ते बघत राहायचे. तक्रार नाही, कुरकुर नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायची. जेवायला हाक मारली की यायचे, पुढ्यात ठेवलं ते खायचे. आणि त्यांनी हॅट घालणं सोडलं. दारामागच्या खिळ्याला ती टांगली होती ती टांगलेलीच. हॅटशिवाय त्यांचं कपाळ मी आजवर जेवणाच्या टेबलावर आणि आईच्या मयताला, एवढंच पाहिलं होतं. वरचं अर्धं पांढरंफटक, खालचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा. आता तो चेहराही हळूहळू पांढरा पडायला लागला तसा माझा जीव टांगणीला लागला. हा माणूस माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, खिडकीपाशी बसल्या बसल्या संपत चालला होता. म्हणून मी सुट्टीचा बेत केला.

माझा नवरा ड्वेन नळदुरुस्तीची कामं करतो आणि माझी चेष्टा करतो, दोन्ही मनापासून. "म्हणजे जन्मभर गुरांमागे फिरलेल्या माणसाला तू सुट्टीत गुरांमागे फिरायला नेणार," तो म्हणाला. "मग मलाही ने की कुठेतरी. दोन दिवस तुंबलेली गटारं बघू."

"मग काय, समुद्रावर नेऊ त्यांना? चड्डीवर बसवू छत्रीखाली?"

ड्वेनने क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. "नको," तो म्हणाला. "समुद्र घाबरेल."

पाहुणे ठेवणाऱ्या रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी कुरणं, आमच्याकडे पैशाला पासरी. पण बाबांना न्यायचं कुठे, हे ठरवताना माझ्या नाकीनऊ आले. एका ठिकाणी रोज संध्याकाळी बंदुकांची खोटी लढाई व्हायची आणि मेलेला माणूस उठून पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा. दुसरीकडे पोहण्याचा तलाव होता. तिसरीकडे पाहुणा उतरला रे उतरला की त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधत. बाबांच्या गळ्यात कुणी रुमाल बांधतंय हे मनात आलं आणि मी कॉम्प्युटर बंद केला. मला खरंखुरं ठिकाण हवं होतं. गुरं खरी, शेण खरं, घोडा मात्र शक्यतो खोटा.

शेवटी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी रँच सापडली. गुरं किती आहेत ते मी विचारलं नाही, आमच्याकडे ते विचारणं म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणं. सप्टेंबरात वरच्या कुरणातली गुरं खाली आणायची, पाहुण्यांनी बरोबर घोड्यावरून जायचं आणि मागून गवताच्या गाडीतून जेवण यायचं, असा तिथला रिवाज होता. दोन रात्रींचा मुक्काम. मला हवं होतं तसंच.

तुमच्यासाठी जाऊ या म्हटलं असतं तर बाबा जागचे हलले नसते. म्हणून मी म्हणाले, "मी थकलेय बाबा. दोन दिवस कुठेतरी जाऊन येईन म्हणते. एकटीने जायला नको वाटतं."

"कुठे?"

मी फोटो दाखवला. त्यांनी तो हात लांब करून बघितला. "हे लोक पैसे देऊन गुरं हाकायला येतात?"

"येतात."

"आणि एरवी काय करतात?"

"खुर्चीत बसतात."

बाबांनी स्वतः बसले होते त्या खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवला. "मग येतील," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तुला हवं असेल तर जाऊ."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी नाराज झाले असते, पण बाबांच्या मानाने हे नाचण्यासारखं होतं. गुरांमध्ये वाढलेली आमच्याकडची जुनी माणसं बोलण्यात काटकसरी असतात, आणि बाबा त्यांच्यातही चिक्कू. घोडा अंगावर लोळून त्यांच्या बरगड्या मोडल्या तेव्हा घरी येऊन ते आईला म्हणाले, "जरा दबलो." ज्या हिमवादळात कळपच्या कळप उभ्या उभ्या गोठले त्याला ते "तो वारा" म्हणतात. या लोकांत एखादा म्हणाला, की मी घोड्यावर उत्तम बसतो, तर सगळे माना डोलावतात आणि त्याला पागेतला सर्वांत म्हातारा घोडा देतात. जो म्हणतो, "बसतो थोडाफार," त्याच्यासाठी चांगला घोडा बाहेर निघतो. "तो बसतो थोडाफार" हे कौतुक बाबांच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात दोन माणसांबद्दल ऐकलं, आणि ती दोघंही आता जमिनीखाली आहेत. मी बारा वर्षांची असताना जत्रेत कळपातून वासरं वेगळी काढायच्या शर्यतीत पहिली आले. निळी फीत घेऊन घरी धावत आले, तेव्हा फितीकडे बघून बाबांनी विचारलं होतं, "येताना गेट लावलंस का?" मी लावलं होतं. तरी जाऊन पुन्हा बघून आले.

निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारत होती आणि कुणी ती बंद करत नव्हतं. जाऊन बघते तर बाबा वाफेवर हॅट धरून उभे, बोटांनी तिची कड वळवून पुन्हा आकारात आणत होते. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. याचसाठी तर सगळा खटाटोप चालला होता. पण मला धास्तीच वाटली. गवताच्या गाडीत बसायला जाणारा माणूस हॅटला आकार देत बसत नाही.

सकाळी पिकअपमध्ये बॅगा टाकायला गेले तर मागे ताडपत्रीखाली काहीतरी होतं.

"हे काय आहे, बाबा?"

"काही नाही. जागा होती."

मी ताडपत्रीचं टोक उचललं. खोगीर होतं. पुढच्या खुंटाला दोर घासून घासून खाच पडलेलं, हातांनी काळंभोर झालेलं त्यांचं खोगीर. ते त्यांनी एकट्याने उचलून ठेवलं की ड्वेनला हाक मारली, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ड्वेन दारात उभा राहून म्हणाला, "हाडांच्या डॉक्टरचा नंबर आहे माझ्याकडे." त्याला ते गमतीचं वाटलं असावं.

शहर मागे पडलं तसे बाबा सीटवर ताठ बसायला लागले. समोरून येणाऱ्या गाडीवाल्याने नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचललं की बाबाही डॅशबोर्डवरून एक बोट उचलायचे. त्यांच्या चेहऱ्यावर रंग येत होता आणि माझ्या चेहऱ्यावरचा उतरत होता.

संध्याकाळी पोचलो. जेवणाच्या खोलीत बीन्स, गोमांसाचा रस्सा आणि पावासारखी मऊ, गरम बिस्किटं होती. घोड्यांचं सगळं बघणारी मार्ली माझ्याच वयाची, वाऱ्याने रापलेली, बोलायला लागू नये म्हणून आधीच मान हलवणारी. मी तिला गाठलं. "ऑफिसातल्या बाईंनी माझा निरोप दिला ना तुम्हाला?"

"कोण, ती? गेली ती मागच्या आठवड्यात काम सोडून. कसला निरोप?"

मी तोंड उघडलं आणि बघते तर बाबा कॉफीचा कप घेऊन माझ्या मागेच उभे. त्यांच्यासमोर "यांना गरीब घोडा द्या" म्हणणं म्हणजे चारचौघांत त्यांची पँट उतरवण्यासारखं होतं. "काही नाही," मी म्हणाले, "सकाळी बोलते." रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून मार्लीला शोधायला गेले, तर ती घोडे आणायला टेकडीवर गेली होती. ती परतली तेव्हा सगळे पाहुणे कुंपणाशी जमले होते आणि बाबाही त्यांच्यात होते. त्यांचं खोगीर कुंपणाच्या वरच्या दांडीवर ठेवलेलं होतं.

मार्ली एकेकाला विचारून घोडा देत होती. न्यू जर्सीहून आलेले लोंबार्डी नावाचे दातांचे डॉक्टर पुढे झाले. त्यांचे बूट इतके नवे होते, की पाऊल टाकलं की कुरकुरत. "मी उत्तम बसतो," ते म्हणाले. "लहानपणापासून सवय आहे. मला जरा दमदार जनावर द्या."

मार्लीने मान डोलावली आणि पॅनकेक नावाचा घोडा आणला. त्याचा खालचा ओठ लोंबत होता आणि एक डोळा मिटलेला होता. "सांभाळून हां," ती गंभीरपणे म्हणाली, "हा दिसतो तसा नाही." डॉक्टर खूश झाले. मी पॅनकेककडे बघतच राहिले. फोनवर मी ज्याचं वर्णन केलं होतं तो हाच घोडा, आणि तो न्यू जर्सीला गेला.

मग मार्ली बाबांच्या खोगिरापाशी थांबली. त्याच्या खुंटावरच्या खाचेवरून तिने अंगठा फिरवला. "आणि तुम्ही, मिस्टर पिकेट? बसता?"

"आता फारसं नाही," ते म्हणाले.

ते खरं बोलत होते. त्यांची प्रत्येक चुप्पी मला पाठ आहे, म्हणून सांगते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट जेवढी होती तेवढीच सांगितली, कमी करून नाही. पण ऐकणारी मार्ली इथलीच, अशाच बापाच्या हाताखाली वाढलेली. तिने खोगीर पाहिलं, दोरात सापडून वाकडी झालेली बाबांची बोटं पाहिली आणि असं बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे पट्टीचा घोडेस्वार समजतात, तेच तिनेही समजून घेतलं. तिने आदराने हॅटच्या कडेला बोट लावलं आणि पागेत जाऊन कॉपरला घेऊन आली.

कॉपर तिचा स्वतःचा घोडा. तांबडा, तरणाबांड, कान सारखे फिरणारे, एका जागी उभा असला तरी चार पाय चार दिशांना जायच्या तयारीत. आमच्याकडे कुणी आपला स्वतःचा घोडा दुसऱ्याला देत नाही. दिला तर त्याहून मोठा मान नाही, आणि तो नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. मार्लीने बाबांचं खोगीर त्याच्या पाठीवर चढवलं, पोटाखालचा तंग ओढून बांधला आणि लगाम बाबांच्या हातात दिला.

एक वाक्य पुरलं असतं, की यांचा खुबा नवा आहे. ते मी बोलले असते तर बाबा वाचले असते, घरी येऊन हॅट खिळ्याला टांगली असती आणि पुन्हा कधी काढली नसती. नाही बोलले तर ते वर चढणार आणि त्या घोड्याने एकच उडी मारली की झालं. कसंही केलं तरी मी त्यांना गमावतच होते. ही सुट्टी मीच ठरवली होती, रात्र रात्र जागून, मोठ्या हौसेने.

बाबांनी कॉपरच्या मानेवर तळवा ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. घोडा थोडा निवला. डाव्या हातात आयाळ आणि लगाम धरून त्यांनी पाय रिकिबीकडे उचलला. पाय पोचला नाही. अर्ध्यात थांबला आणि पुन्हा जमिनीवर आला. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, कारण त्यांनी लगेच खाली वाकून रिकीब तपासल्यासारखं केलं. मग ते तसेच डोंगराकडे बघत उभे राहिले. मी पुढे झाले. "बाबा..."

"चांगला घोडा आहे," ते मार्लीला म्हणाले. "असा घोडा मला कुणी बऱ्याच दिवसांत दिला नव्हता."

एवढं कौतुक ऐकून मार्ली जमिनीकडे बघायला लागली.

"पण याच्यावर माझ्या मुलीला बसू दे," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता अंगठ्याने मला दाखवलं. "ती बसते थोडीफार."

माझ्या मागे कोणी दुसरी उभी आहे का, म्हणून मी वळून बघितलं. मार्लीने माझे शहरी जोडे पाहिले, माझं वय पाहिलं, माझं पोट पाहिलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही. "ठीक," ती म्हणाली. बाबांनी म्हटलं म्हणजे प्रश्न उरला नव्हता. निळी फीत घरी आणल्यापासून मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते माझ्या वाट्याला आलं ते असं, एका बिथरलेल्या घोड्यासमोर. शेजाऱ्यांकडे वासरांना डाग द्यायच्या दिवशी मदतीला जाते, तेवढंच आता माझं घोड्यावर बसणं. काळजी तीच होती, पण आता ती माझ्या स्वतःची होती.

मी लगाम घ्यायला गेले तर बाबा म्हणाले, "थांब, पोरी."

रिकिबीच्या वाद्या त्यांच्या पायांच्या मापाने बांधलेल्या होत्या. माझ्या जन्माआधीपासून त्या त्याच भोकात होत्या, कातडं तिथे दुमडून पक्कं झालेलं. त्या खोगिरावर दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं, आईसुद्धा नाही. बाबांनी चाकूच्या टोकाने गाठ सैल केली. वादी भोकातून निघेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी असं बघितलं, की मी तो मागे घेतला. एका बाजूची रिकीब दोन भोकं वर घेतली, घोड्याला वळसा घालून सावकाश दुसऱ्या बाजूला गेले, तीही वर घेतली. मग तंग ओढून बघितला. मग पुन्हा ओढून बघितला. मी पाय उचलला तर म्हणाले, "एक मिनिट," आणि आणखी एकदा बघितला. जन्मभर तंग एकदाच तपासत आलेला माणूस. तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांना भीती वाटत होती. फोनवर त्या बाईशी बोलताना माझं तोंड जसं झालं असेल तसंच त्यांचं झालं होतं.

"बाबा, काळजी करू नका," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कळलं, की या वाक्याचा कुणालाच काही उपयोग नसतो.

मी बसले. कॉपर आडवा सरकला, दोनदा पाठ उंचावली, आणि मला वाटलं आता माझ्यासाठीच हाडांचा डॉक्टर बोलवावा लागणार. पण पाय आपोआप खाली दाबले गेले, हात आपोआप सैल झाला. मग आम्ही दिवसभर गुरांमागे होतो. डोंगरावरची ॲस्पनची झाडं पिवळी झाली होती, धुळीला सेजच्या झुडपांचा वास होता, आणि लोंबार्डी डॉक्टर पॅनकेकवर डुलत डुलत सगळ्यांच्या मागे येत होते. त्यांच्याही मागे गवताची गाडी होती. मी जेव्हा जेव्हा वळून पाहिलं तेव्हा तेव्हा गाडीवानाशेजारची ती हॅट माझ्याच दिशेला वळलेली होती. ओढ्यापाशी पायाखालून एक रानकोंबडी फडफडत उडाली आणि कॉपर एका उडीत पलीकडे. मी खुंट घट्ट धरला. खुंट धरणं आमच्याकडे लाजेचं समजतात. माझी बोटं बरोबर त्या खाचेत बसली आणि मी वर राहिले. लांबवर गाडीत बाबा उठून उभे राहिले होते. मी हात वर केला तेव्हा ते खाली बसले.

संध्याकाळी शेवटची गाय आत गेली. मी उतरले. बाबा लोंबार्डींच्या खांद्याचा आधार घेऊन गाडीतून उतरले आणि माझ्याकडे आले. आधी त्यांनी कॉपरचे चारही पाय बघितले, मग मला.

"गेट लावलंस का?"

"लावलं, बाबा."

"हं," ते म्हणाले.

मी खोगीर उतरवून पिकअपमध्ये आणून ठेवलं. माणसाचं खोगीर घेतलं तर होतं तसं परत करायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणून मी रिकिबीची गाठ सोडायला बसले. "तुमच्या मापाच्या करून ठेवते पुन्हा," मी म्हणाले.

बाबा गाडीच्या फळीवर हात टेकून उभे होते. त्यांचा चेहरा उन्हाने पुन्हा विटेसारखा झाला होता. त्यांनी त्या वर घेतलेल्या रिकिबीकडे बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आता तुझ्याच मापाच्या राहू देत."

मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. म्हणून मी खोगिरावर ताडपत्री ओढून बांधली आणि तिच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधत बसले.